मसर कोणी बांधली?

पत्र याकूबच्या डिशदाशाच्या, म्हणजे लांब झग्याच्या, खिशात रविवारपासून होतं, आणि आता मंगळवारही सरत आला होता.

चार ओळींचं पत्र. कंपनीत कॉफीचं यंत्र बसवण्यात येत असल्यामुळे श्री. मुबारक यांच्या सेवेची यापुढे आवश्यकता राहिलेली नाही, आजवरच्या सेवेबद्दल कंपनी त्यांची आभारी आहे. खाली सही याकूबचीच. मस्कतच्या रुवी भागातल्या त्या विमा कंपनीत माणसं नेमण्याचं आणि काढण्याचं खातं त्याच्याकडे होतं. सही करताना त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मुबारकच्या चहाच्या खोलीत स्टुलावर बसताना.

रोज पावणेआठला याकूब कार्यालयात शिरायचा तो डोक्यावर नुसती कुम्मा टोपी घालून. मसरचं, म्हणजे टोपीवर बांधायच्या फेट्याचं, कापड चौकोनी घडी करून काखेत दडवलेलं असायचं. मुबारक दार लोटून घ्यायचा, केतलीखालचा गॅस बारीक करायचा, कापडाची त्रिकोणी घडी घालायचा आणि टोपीवरून एकेक पीळ फिरवत जायचा. ओठ हलत असायचे. “या अल्लाह, ह्याच्या रोजीत बरकत दे, ह्याची मान ताठ ठेव.” हा त्याचा नेम होता. बांधायची तर दुआ म्हणूनच बांधायची, आणि बांधल्याचं कुणाला सांगायचं नाही. दहा मिनिटांनी याकूब बाहेर पडायचा तो सात पिढ्या मसर बांधून दरबारात बसल्यासारखा.

बेचाळीस वर्षांचा मस्कतचा माणूस, आणि त्याला स्वतःची मसर बांधता येत नव्हती. लहानपणी वडील बांधायचे. ते गेल्यावर आई बांधू लागली, मग शरीफाशी निकाह झाल्यावर शरीफा. शरीफा शाळेची मुख्याध्यापिका झाली, साडेसहालाच घर सोडू लागली, तेव्हापासून मुबारक. हे सांगायचं कुणाला? एखाद्याने पोहता येत नाही म्हटलं तर लोक हसून सोडून देतात. मसर बांधता येत नाही म्हटलं तर लग्नाच्या पंगतीत पिढीभर हसत राहतात.

आणि ह्याच आठवड्यात फोटो काढायचे होते.

कंपनीच्या आठही खातेप्रमुखांचे, दिवाणखान्याएवढे मोठे, खालच्या दालनात टांगायला आणि संगणकावर जगाला दाखवायला. त्यासाठी बैरूतहून रोला मॅडम आल्या होत्या. त्या फोटो काढत नसत. फोटोसाठी माणसं तयार करत असत. फोटो काढणारा वेगळा होता, आणि तो बिचारा गप्प असायचा. मॅडमनी प्रत्येकाला चार पानी सूचना पाठवल्या. तीन दिवस आधीपासून मीठ कमी करावं. आठ तास झोपावं. हनुवटी कवचातून डोकावणाऱ्या कासवासारखी किंचित पुढे काढावी. डोळ्यांत अधिकार असावा, ओठांवर आपुलकी. आणि कॅमेऱ्यासमोर बसल्यावर मनात म्हणावं, ‘मी म्हणजे विश्वास.’

त्या दिवसापासून कार्यालयाचा नूर बदलला. महाव्यवस्थापक हमूद साहेब लिफ्टच्या चकचकीत दारासमोर हनुवटी पुढे काढून उभे राहू लागले. दार उघडलं की आतल्या माणसांना वाटायचं, साहेबांना काही विचारायचंय. हिशेबाचे खलफान साहेब, ज्यांनी तीस वर्षांत मस्कतच्या हलव्याला कधी नाही म्हटलं नव्हतं, ते बशी पुढे आली की डोळे मिटून घ्यायचे. दावे खात्याच्या तालिबने दाढी काळी करून घेतली. ती काळी कमी आणि वांग्याच्या रंगाची जास्त झाली, म्हणून त्याने दोन दिवस रुमालाआड तोंड धरून सर्दीचं सोंग केलं.

याकूबला ह्या सगळ्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, दुपारी हमूद साहेबांनी त्याला बोलावलं. “ते पत्र दिलंस का मुबारकला?”

“आत्ता देणारच होतो, साहेब.”

“अरे, घाई कसली? काही माणुसकी आहे की नाही आपल्यात? बुधवारी फोटो आहेत, बाहेरची मंडळी येणार, चहापाणी लागेल. गुरुवारी दे.”

सोमवारी खलफान साहेब त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हा कपातीचा ठराव मांडला होता तो त्यांनीच. “याकूब, आकडे मी परत एकदा बघतोय. बुधवारपर्यंत थांब.” मग तालिबचा फोन आला. रुमालातून म्हणाला, “म्हाताऱ्याला गुडघ्याचा त्रास आहे रे. आठवड्याच्या मधेच कसं सांगायचं?” शेवटी अज्जान आला. अज्जान म्हणजे इंग्लंडात शिकून आलेला, ज्याच्या हट्टामुळे ते यंत्र आलं होतं तो. म्हणाला, “यंत्राचा एक नळ गळतोय, भाऊ. बुधवार होऊ दे.”

याकूब संध्याकाळी घरी आला तो मनातून खजील होऊन. केवढी दयाळू माणसं आहेत ही! त्यांना म्हाताऱ्याचे गुडघे आठवतात, पाहुण्यांचा चहा आठवतो. आणि आपण पत्र खिशात ठेवलंय ते फक्त बुधवारी आपली मसर नीट बसावी म्हणून. त्याने मगरिबच्या नमाजानंतर जरा जास्त वेळ हात पसरले.

मंगळवारी संध्याकाळी मात्र त्याने कंबर कसली. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवला, त्यात एक गृहस्थ सावकाश मसर बांधून दाखवत होते. त्यांची बांधून झाली. याकूबने पाच वेळा बांधली. पाचव्यांदा शरीफा आत आली आणि दाराला धरून उभीच राहिली.

“हस. हसून घे एकदाचं.”

“मी कुठे हसतेय?” शरीफा म्हणाली. “कोबी छान आलाय. बाजारात नेऊ या का?”

“शरीफा, उद्या फोटो आहे.”

“मग मुबारककाका आहेत ना?”

“उद्या आहेत. परवा मी त्यांना काढून टाकणार आहे.”

शरीफाने कापड त्याच्या डोक्यावरून उतरवलं, झटकलं, घडी घातली. “म्हणजे उद्या त्यांच्याकडून डोकं झाकून घ्यायचं आणि परवा त्यांच्याच हातात ते पत्र ठेवायचं.”

“हा कंपनीचा निर्णय आहे.”

“हो का? मग उद्या कंपनीकडूनच बांधून घे की.”

बुधवारी सकाळी पावणेआठला मुबारकने दार लोटलं. पहिला पीळ घेतला, दुसरा घेतला. “या अल्लाह, ह्याच्या रोजीत बरकत दे...” याकूबने मान आणखी खाली घातली.

“मान वर, पोरा. पीळ ढिला पडतो.” मग थोडं थांबून मुबारक म्हणाला, “खिशात काय टोचतंय तुला?”

“काही नाही. विजेचं बिल.”

“रविवारपासून एकच बिल घेऊन फिरतोयस. भरून टाक बाबा एकदाचं.”

याकूबला आरशात स्वतःच्या तोंडाकडे बघवेना.

नऊला फोटो सुरू झाले. बेत असा होता की दुहरच्या, म्हणजे दुपारच्या, अजानआधी आठही जण उरकायचे. पण हमूद साहेबांचीच पहिली खुर्ची, आणि साहेबांच्या डोळ्यांत अधिकार आला की ओठांवरची आपुलकी जायची. आपुलकी आली की अधिकार पळायचा. रोला मॅडम म्हणाल्या, “आपल्या नातवाला आठवा.” साहेबांना नातू आठवला आणि त्यांनी शिंकल्यासारखं तोंड केलं. मग मागे जहाजाची प्रतिकृती ठेवून बघितली, ती काढून लोबानदाणी ठेवली, तिचा धूर कॅमेऱ्यात शिरला. बारा वाजले तरी साहेबच खुर्चीत. आणि बाहेर सात जण, तीन दिवस मिठाशिवाय जेवलेले, कासवासारख्या हनुवट्या पुढे काढून बसलेले.

तेवढ्यात अजान झाली.

नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला, बसायचं तर मसर सोडावी लागते. आठ मसरी सुटून खुंट्यांवर गेल्या. माणसांनी हातपाय, तोंड धुतलं, ओल्या केसांवर कुम्मा चढवल्या, रांगेत उभं राहून नमाज पढली. नमाज संपली आणि तो दालनातला घोळका कसा कोण जाणे चारी दिशांना पांगला.

याकूब कापड काखेत दडवून जिन्याने वर गेला, स्वच्छतागृहाला वळसा घालून चहाच्या खोलीच्या बोळात शिरला. बोळ अरुंद. समोर खलफान साहेब उभे होते. त्यांच्या काखेत घडी.

“मी... लिंबाचं सरबत बघायला आलो होतो,” खलफान साहेब म्हणाले.

“मी पण,” याकूब म्हणाला.

मागून तालिब आला. त्याला बघून खलफान साहेब भिंतीवरची आग विझवायची सूचना वाचू लागले. अज्जान आला तो फोनवर बोलत. फोन उलटा धरला होता. एकेक करत सगळे जमले आणि बोळात कोपराला कोपर लागू लागलं. शेवटी हमूद साहेब आले. सकाळचा एकही फोटो त्यांना पसंत नव्हता. त्यांनी सातही टोप्यांवरून नजर फिरवली, काखेतल्या घड्या बघितल्या, स्वतःची घडी पाठीमागे नेली.

“चहाच्या खोलीत गर्दी फार होते,” साहेब गंभीरपणे म्हणाले. “अज्जान, ते यंत्र लवकर चालू करा.”

दार उघडलं. मुबारकने आठ ओल्या टोप्या बघितल्या. त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ज्याने इतकी वर्षं एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही, त्याने आताही काही पाहिल्याचं दाखवलं नाही.

“सरबत एकेकालाच देतो,” तो म्हणाला. “या साहेब, आधी तुम्ही.”

गुरुवारी बैठक भरली. रोला मॅडमनी आठ फोटो भिंतीवर ओळीने दाखवले. सगळ्यांचे डोळे आपापल्या हनुवटीवर. मॅडमचे डोळे मात्र वर गेले.

“वा! ही तर कमालच आहे!” त्या म्हणाल्या. “आठही डोकी एकाच वळणाची. तोच पीळ, तोच कानाशी सुटलेला सोगा. जणू एकाच हाताने बांधल्या आहेत! मी इतक्या कंपन्या बघितल्या, अशी शिस्त कुठे नाही बघितली. ही कुणाची कल्पना?”

कुणी खाकरलं. कुणी पाण्याचा पेला उचलला.

“आमची परंपराच आहे ती,” हमूद साहेब म्हणाले.

मॅडम खूश होऊन गेल्या. दार बंद झालं. साहेबांनी समोरचा कागद सरळ केला. “शेवटचा विषय. याकूब, ते पत्र.”

याकूबने सगळ्यांकडे बघितलं. खलफान साहेब पेनाचं टोपण काढत आणि लावत होते. तालिब दाढी कुरवाळत होता. प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला हेही ठाऊक होतं की बाकीच्यांना ठाऊक आहे. एक जण तोंड उघडेल म्हणून सात जण वाट बघत होते. म्हाताऱ्याला वाचवायचं तर एवढंच म्हणायचं होतं, की मला बांधता येत नाही. आणि तेवढंच कुणाला म्हणता येत नव्हतं. भिंतीवरून आठ मोठे चेहरे खाली बघत होते. मी म्हणजे विश्वास, मी म्हणजे विश्वास.

याकूबने पत्र टेबलावर ठेवलं. मग दोन्ही हातांनी डोक्यावरची मसर सोडली आणि कापड पत्रावर ठेवलं.

“ही मला बांधता येत नाही,” तो म्हणाला. “मुबारककाका बांधून देतात. रोज. ते गेले तर रविवारी मी नुसत्या टोपीत येईन. म्हणून मी हे पत्र देणार नाही.”

मग तालिबच्या तोंडून हसू फुटलं, आणि बांध फुटावा तसे सगळे हसले.

“काय सांगतोस! बेचाळीस वर्षांचा घोडा!”

“अरे, माझा सहा वर्षांचा पुतण्या बांधतो!”

“बायकोला विचार, ती शिकवील,” खलफान साहेब डोळे पुसत म्हणाले. “छे छे छे. लाज आणलीस लेका.”

याकूबने डोक्यावरची टोपी सारखी केली. कान तापले होते, पण खिसा रिकामा होता.

हमूद साहेबांनी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांत अधिकार होता आणि ओठांवर आपुलकी, दोन्ही एकदम. फोटोवाला मात्र तिथे नव्हता. “पुरे झालं. आपलाच भाऊ आहे तो. एकाला अडचण असेल तर आपण डोळेझाक करायची का? माझं मत, मुबारकला राहू द्यावं. याकूबसाठी.”

“याकूबसाठी,” खलफान साहेब लगेच म्हणाले.

“बिचाऱ्या याकूबसाठी,” तालिब म्हणाला.

सात हात वर झाले. एवढ्या झटपट त्या खोलीत कुठलाच ठराव कधी मंजूर झाला नव्हता. बैठकीचा वृत्तान्त लिहायचं काम याकूबचंच. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: श्री. याकूब यांना स्वतःची मसर बांधता येत नसल्याने, त्यांच्या वैयक्तिक अडचणीचा सहानुभूतीने विचार करून, श्री. मुबारक यांना सेवेत ठेवण्यात यावे. खाली सही केली.

मग तो उघड्या टोपीने, कापड काखेत न दडवता हातात धरून, सगळ्यांच्या टेबलांसमोरून चहाच्या खोलीकडे गेला. मुबारक पेले विसळत होता.

“काका, तुम्ही राहताय.”

“असं? काय कारण झालं?”

“मला बांधता येत नाही म्हणून.”

मुबारकने हात पुसले. “आणि बाकीच्यांचं?”

“मी माझ्यापुरतं सांगितलं.”

म्हाताऱ्याने स्टूल पुढे ओढलं, केतलीखालचा गॅस बारीक केला, कापडाची त्रिकोणी घडी घातली. “या अल्लाह, ह्याच्या रोजीत बरकत दे, ह्याची मान ताठ ठेव.”

“आमीन,” याकूब म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दारावर हलकी टकटक झाली. “मुबारक,” खलफान साहेबांचा दबका आवाज आला, “आत कुणी आहे का?”

“आहे,” मुबारकने पहिला पीळ घट्ट ओढला. “थांबा जरा, साहेब. आज ह्याला सावकाश बांधतोय.”