जरीच्या टोपीची कुस्ती

माझ्या नवऱ्याला, पीरनला, देवाने बैलाचे खांदे दिले, पण व्यवहार शिकवायचा राहिला. सांगणार कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

वॉटर्लूच्या लढाईला दहा वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात सेंट कोलमच्या जत्रेत कुस्त्या होत्या. बक्षीस जरीची टोपी. ती घालून रविवारी चर्चला जायचं, हा आमच्या कॉर्नवॉलातला मोठा मान. माझ्या बहिणीच्या, तामसिनच्या नवऱ्याकडे अशा दोन टोप्या! सात वर्षं मी तिचा तोरा बघत आले. पीरनचा गुडघा खाणीत कामातून गेलेला. पुढच्या साली तो कुस्ती खेळूच शकणार नव्हता. टोपी मिळाली तर आजच.

शेवटची जोड जाबेजशी, बावीस वर्षांच्या पोराशी. पीरनने त्याच्या कुस्तीच्या जाड अंगरख्याला धरलं, उचललं आणि धाडकन आपटलं.

"चितपट!" मी किंचाळले.

पण दोन्ही खांदे नि एक कुल्ला एकदम टेकायला हवा. तीन पंचांपैकी एकाने चितपट मानून काठी वर केली, दुसऱ्याने केली नाही, तिसरा डोकं खाजवत उभा. असं झालं की पाडणाऱ्यालाच विचारायचं, ही आमची रीत.

"काय रे पीरन, टेकला का?"

"डावा खांदा नाही टेकला," हा म्हणाला.

अगं बाई गं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सरळ माणूस आहे गं तुझा," तामसिन म्हणाली.

"सरळ तर खांबही असतो!"

पुन्हा जुंपली. पीरन आता लंगडत होता. जाबेजने पायात पाय घालून त्याला पाडलं. पंचांचं पुन्हा तेच. त्यांनी जाबेजला विचारलं.

"टेकला की! चितपट!"

मी समोरच होते. पीरनचा उजवा खांदा वीतभर वर होता.

"खोटं! पीरन, अरे सांग ना!"

"बायकोलाच उतरवा आता आखाड्यात!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खिदळले. पीरन उठला, जाबेजशी हात मिळवला नि अंगरखा काढायला लागला. टोपी त्या पोराच्या डोक्यावर गेली.

घरी येताना अर्ध्या वाटेत मी त्याला अडवलं.

"तोंड शिवलं होतं का तुझं? खांदा वर होता ना?"

"होता."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"त्याला विचारलं होतं, जेनी," तो म्हणाला. "मला कुठे विचारलं?"