छंद : वाचन

परतूरच्या भागवतने आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि तीही त्याने स्वतः मारली नव्हती. लग्नाच्या वेळी जालन्यात मस्तगडच्या एका झेरॉक्सवाल्याकडे त्याचा बायोडाटा टाइप करून घेतला. दुकानदाराने आधीच्या कुणाची तरी फाईल उघडली, नाव, शिक्षण, मामाचं गाव बदललं आणि शेवटची ओळ तशीच ठेवली. छंद : वाचन. भागवतच्या ते लक्षात आलं होतं. पण तोवर पन्नास प्रती निघाल्या होत्या, आणि दिसायला ते बरंही दिसत होतं.

तीर्थपुरीची साधना लग्न होऊन आली ती पुस्तकांची पिशवी घेऊनच. वाचायला बसली की दूध उतू जावो की पाहुणा दारात येवो, बाईसाहेबांना पत्ता नसायचा. सगळं सासर म्हणायचं, सून लई हुशार. भागवतलाही ते पटलं होतं. वाचायची गोडी असणं म्हणजेच डोकं असणं, असं तो धरून चालला होता. त्याला स्वतःला दुसऱ्या पानावर झोप यायची. म्हणजे आपल्या वाट्याला किती डोकं आलं, हे उघडच होतं. तसा तो मोटार रिवायंडिंगचा कारागीर; स्वतःच्या दुकानात जळालेल्या मोटारींच्या तारा नव्याने गुंडाळायचा. विहिरीवरच्या मोटारीची घरघर ऐकून आत काय बिघडलंय ते सांगायचा. पण यालाही हुशारी म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

भीती एवढीच होती, की आपण ढ आहोत हे कळलं तर साधनाच्या मनातून उतरू. म्हणून गडी अकरा वर्षं वाचत राहिला. म्हणजे पुस्तक धरून बसत राहिला. रविवारी जेवण झालं की तिने वाचनालयातून आणलेलं पुस्तक मांडीवर घ्यायचं, नजर पानावर, चित्त तारांच्या वेढ्यांत, आठवण झाली की पान उलटायचं. कसं वाटलं, असं तिने विचारलं की उत्तर ठरलेलं, "भारी हाय. पन शेवट जरा जल्दी उरकला." हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चालतं, हा त्याचा शोध.

यंदा श्रावणात साधनाचे डोळे आले. डॉक्टरांनी थेंब दिले आणि आठ दिवस वाचन बंद केलं. दोन दिवस तिने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी, पोरगी अर्पिता शाळेत गेल्यावर, काळा चष्मा लावून ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "अहो, तीसच पानं राह्यली. तुम्ही वाचून दाखवा की."

भागवतने पुस्तक हातात घेतलं. समोर खुर्चीवर बसून त्याने सुरुवात केली. लाइटचं बिल वाचावं तसं त्याने पहिलं पान वाचलं. नायिका रडत होती तिथे थांबला नाही, आणि वाक्याच्या मधेच दम घेतला. साधना खुदकन हसली. "गंमत करून राह्यले का?"

ते हसणं त्याला पेललं नाही. त्याने पुस्तक मिटलं.

"गंमत न्हाई. मला वाचता येतं, पन गोडी न्हाई. बिलकुल न्हाई. आजपर्यंत एक पुस्तक पुरं केलं न्हाई मी. बायोडाट्यात ते दुकानवाल्यानं लिहिल्तं."

साधनाच्या काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते दिसेना.

"मला तीन स्थळं आल्ती," ती शेवटी म्हणाली. "तिघांच्या बी बायोडाट्यात वाचनच व्हतं. त्याच्यावर कोण विश्वास ठेवतं? पन तुम्ही तर खरंच पुस्तक घेऊन बसले. एका पानावर पंधरा पंधरा मिनिटं. मी आपली एका दुपारी सगळं संपवून मोकळी. मला वाटायचं, ह्यांचं वाचणं खरं, आपला नुसता टाइमपास. अन् शेवट जल्दी उरकला म्हणायचे ना, तर परत करायच्या आधी मी शेवट पुन्हा वाचायची. आपल्याला काहून कळलं न्हाई म्हणून."

भागवतला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"तुमच्याशी पुस्तकाचं बोलायला भ्यायची मी. म्हनलं, मी काही येड्यावानी बोलले तर म्हणतील, एवढं वाचून हिला अक्कल न्हाई. कधी कधी इतकं छान वाचलेलं असायचं, कोणाला सांगू असं व्हायचं हो. अन् घरात माणूस असून..."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

तो उठून तिच्याजवळ जाऊन बसला. "जवळ नका येऊ, तुमचे बी डोळे येतील," ती म्हणाली. तो हलला नाही. आपण अकरा वर्षं आपलं अडाणीपण लपवलं, असं त्याला वाटत होतं. खरं तर हिचं बोलणंच आपण कोंडून ठेवलं होतं. हे कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

"मंग आता सांग," तो म्हणाला.

"काय?"

"सगळं. पयल्या पुस्तकापासून. मला वाचायचा कंटाळा हाय, ऐकायचा न्हाई."

"अन् दुकान?"

"ऱ्हाऊ दे बंद."

साधनाने लग्नाच्या वर्षी वाचलेल्या गोष्टीपासून सुरुवात केली. आधी अडखळत, मग हातवारे करत. एक म्हातारी असते. तिचा मुलगा भांडून गेलेला असतो. वीस वर्षांनी तो अंगणात येऊन उभा राहतो, तोंडातून शब्द काढत नाही. म्हातारी आतूनच पावलं ओळखते, पण दार उघडत नाही. "लई कठोर बाई," साधना म्हणाली.

"कठोर कशी?" भागवत म्हणाला. "पावलाच्या आवाजावरून वळखलं ना तिनं? म्हंजे वीस वर्षं कान दाराकडंच व्हता तिचा."

साधनाने चष्मा काढला. लाल, सुजलेल्या डोळ्यांनी ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग घाईघाईने म्हणाली, "थांबा, आता दुसरी सांगते."