चापावरचं बोट

"अण्णा, ह्या रिमोटनं मेंढरं वळवता येत्यात का?"

नूतननं विचारलं आणि दुकानाबाहेर उभ्या असलेल्या शेफाली आणि आरती एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळायला लागल्या. पैज त्यांचीच होती. "धनगराची पोर रिमोट आणायला निघालीय, तर मेंढरांचं विचार की! आहे का हिंमत?" असं शेफाली एसटीत म्हणाली होती. गेल्या वर्षीची नूतन असती तर खिडकीबाहेर बघत गप्प बसली असती. पण दहावीत गेलेली नूतन वेगळीच होती. शाळेची बॅटरीवर पळणारी छोटी रिमोटची गाडी तिनं वर्गातल्या चार पोरांपेक्षा भारी चालवून दाखवली होती आणि उद्याच्या शर्यतीसाठी सरांनी ती तिच्याच ताब्यात दिली होती. तेव्हापासून कुणी टोमणा मारला की ती तो उचलायची आणि फुलासारखा स्वतःच्याच केसांत खोवायची.

ज्ञानू अण्णांचं दुकान कापूरहोळच्या चौकात. फवारणीचे ड्रोन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत असल्या छोट्या गाड्यांच्या शर्यती लावणं हे वेड. त्यांनी चष्म्यावरून नूतनकडं पाहिलं.

"पयली गोष्ट, ह्याला रिमोट म्हणायचं न्हाई. रिमोट टीव्हीचा. ह्यो ट्रान्समीटर. आन् मेंढरांचं तुज्या बापाला इचार. त्येची आरोळी ह्याच्यापेक्षा लांब जात आसंल."

बाहेर पुन्हा हशा. सगळ्यांत मोठ्यानं नूतनच हसली.

शाळेचा जुना ट्रान्समीटर पडून फुटला होता. नवा कुठला घ्यायचा ते चालवणारीनंच ठरवावं, असं सरांनी अण्णांना फोनवर कळवलं होतं. अण्णांनी दोन काढून फळीवर ठेवले. दोन्ही पिस्तुलासारखे मुठीत धरायचे. चाप ओढला की गाडी पळते, बाजूचं छोटं चाक फिरवलं की वळते. त्यातला एक करडा आणि अगदी साधा. बटण दाबलं की लाल दिवा लागणार, संपलं. दुसरा काळाभोर, रंगीत पडदा असलेला.

"काळा! काळाच घे!" शेफाली बाहेरून ओरडली.

"तू चालवणारेस का?" अण्णांनी तिला दटावलं आणि नूतनकडं वळले. "दोन्ही घिऊन जा. घरी चालवून बग. उद्या धा वाजता शर्यत, त्येच्या आदी एक परत आण. दोन्हींचे रिसिव्हर, म्हंजी गाडीतनं सिग्नल पकडनाऱ्या डब्या, येगळे हायेत. गाडीत ज्येचा त्येचा बसवायचा आन् जोडणी करायची. आता नीट ऐक. सिग्नल तुटला तर गाडीनं काय करायचं, ह्ये आदीच ठरल्यालं आसतं. करड्याची गाडी गप हुबी ऱ्हाती. काळ्याचं तसं न्हाई. जोडताना तुजं बोट जितं आसंल, त्येच ती ध्यानात ठेवती. म्हनून जोडताना चापाला हात..."

"नूते, इकडं बघ!" आरतीनं मोबाईल रोखला होता. नूतननं काळा ट्रान्समीटर गालाला लावला, मान तिरकी केली आणि फोटो काढून घेतला.

"...लावायचा न्हाई," अण्णांनी वाक्य पुरं केलं. "कळलं का?"

"व्हय, अण्णा!" नूतन म्हणाली.

वेल्ह्याच्या बाजारात उतरून वस्तीची चढण ती जवळजवळ पळतच चढली. घरी दप्तर टाकलं, भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला आणि गाडी बगलेत मारून थेट पठारावर. तिचे वडील, हैबती, पठाराच्या पार त्या टोकाला होते. कड्याच्या अलीकडं, जिथं गवत अजून हिरवं होतं तिथं मेंढरं पसरली होती.

"त्ये खेळणं हिकडं आनू नगंस गं!" त्यांनी लांबूनच हात हलवला.

"न्हाई आणत, आबा!"

एका सपाट दगडावर बसून तिनं काळ्याचा रिसिव्हर गाडीत बसवला. त्याची सिग्नल पकडणारी बारीक तार कुठं ठेवायची ते कळेना, तेव्हा दुमडून बॅटरीखाली सरकवली. मग बटण दाबून ठेवलं आणि पडद्याकडं डोळे लावून बसली. जोडणीचा दिवा लुकलुकत होता. तिचं बोट केव्हाच चापावर चढलं होतं. नुसतं चढलं नव्हतं, हौसेनं पार शेवटपर्यंत ओढलेलं होतं. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि गाडीनं जागच्या जागी उसळी घेतली.

"लई घाई झाली व्हय गं तुला?" नूतन गाडीला म्हणाली आणि हसली.

पहिल्या दोन फेऱ्या काय गेल्या! इतकंसं बोट हलवलं की गाडी सुसाट, सोडलं की जागेवर. उद्या कापूरहोळला सगळे तोंडात बोटं घालणार. शेफालीला गाडीचा व्हिडिओ पाठवायचा तर जरा मोठी फेरी हवी, म्हणून तिनं गाडी मोठ्या काळ्या खडकाला वळसा घालायला सोडली. गाडी खडकाआड गेली.

आणि तिचा आवाज बदलला. इतका वेळ गुणगुणत होती ती एकदम किंचाळायला लागली. खडकाच्या पलीकडून बाहेर पडली तेव्हा तिचं तोंड मेंढरांकडं होतं.

नूतननं चाक फिरवलं. गाडी अर्धवट वळली, दगडावर आपटली, परत सरळ झाली. तिनं बोट चापावरून काढलं. गाडी क्षणभर अडखळली आणि पुन्हा सुटली. चाप तर मोकळा होता! मेंढरांनी माना वर केल्या.

आता काय करावं? घाबरलेल्या माणसाला सुचतं तेच तिला सुचलं. तिनं ट्रान्समीटर बंद केला. बंद केलं की थांबेल.

गाडी थांबली नाही. होता नव्हता तेवढा जोर लावून बाणासारखी निघाली आणि कळपाच्या मधोमध घुसली. सगळी मेंढरं एकदम उठली. एक इकडं, दहा तिकडं असं झालंच नाही. सगळी एका अंगानं, एका दिशेनं, काळतोंडीच्या मागं. कळपात नेहमी पुढं चालायची ती काळतोंडी. आणि पुढं कडा होता.

"नूतेऽऽ!"

आबांनी काठी टाकली होती. दोन्ही हात पसरून ते कड्याच्या तोंडाशी उभे राहिले होते, पाठ दरीकडं करून. "हर्रऽऽ! हर्रऽऽ!" त्यांचा आवाज फाटला होता. त्यांच्या मागं चार हातांवर जमीन संपत होती.

जोडताना तुजं बोट जितं आसंल.

अण्णांचं तेवढंच वाक्य तिच्या कानात वाजलं. तिचं बोट तर तेव्हा चाप पार ओढून बसलं होतं. बंद करून चालणार नव्हतं. चालूच करायला हवं होतं. ती गाडीच्या दिशेनं धावत सुटली, धावता धावता बटण दाबलं. पडदा उजळला. त्यावर आधी कंपनीचं चित्र आलं. मग निळ्या लाटा आल्या. मग एक गोड धून वाजायला लागली.

"अगं हो की लवकर! हो की, मेले!" ती रडत ओरडली.

धून संपली. 'चाप मोकळा आहे का?' असं काहीतरी इंग्रजीत विचारलं गेलं. तिनं बटणावर अंगठा आपटला. गाडी चाकाला दाद द्यायला लागली. गाडी तिनं गपकन वळवली, दगडावर नेऊन आपटली. चाकं वर करून ती तशीच पडली, आणि गप झाली.

आबांच्या छातीला मेंढरं भिडली होती. त्यांनी पुढच्या दोन मेंढ्यांना शिंगाला, कानाला, हाताला लागेल तिथं धरलं, गुडघ्यानं रेटलं. कळप त्यांच्यापाशी फुटला आणि दोन्ही अंगांनी मागं वळला. फक्त काळतोंडी वळली नाही. तिनं कडेच्या कपारीवरून खाली उडी घेतली होती. दोन पुरुष खोल, खालच्या धोंड्यांत ती पडली होती आणि ओरडतही नव्हती.

संध्याकाळी अंगणात काळतोंडीला निजवलं होतं. नूतनच्या आईनं, भामाबाईनं, हळद लावून बघितली, शेक देऊन बघितला. हैबतींनी मागच्या पायावरून बोटं फिरवली आणि मान हलवली.

"खुब्यातच मोडलंय. हितं आधाराला बांबूच्या कामट्या बांधायच्या कुठं?"

"ती दोन्ही खेळणी उद्या त्या अण्णाच्या डोक्यात घाल," भामाबाई नूतनकडं न बघता म्हणाली. "येवढी घोडी झालीस! बाप कड्यावर हुबा, आन् तू बटनं दाबतीस!"

"आये, बटन दाबलं म्हणून तर..."

"बोलू नगंस!"

"आगं, ऱ्हाऊ दे," हैबती म्हणाले. त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत सालपट निघालं होतं. त्यांनी ते धुतलंही नव्हतं. नूतनला वाटत होतं, त्यांनी एक काठी घालावी पाठीत, म्हणजे सुटले. ते काही घालत नव्हते.

तिनं गाडी पुढ्यात ओढली. काळ्याचा रिसिव्हर काढला, करड्याचा बसवला. तार ह्या वेळी सरळ उभी ठेवली. जोडणी करताना उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं बटण दाबलं. मग गाडी एका विटेवर ठेवली, चारही चाकं हवेत. चाप ओढला, चाकं भिरभिरली. चाप तसाच ओढलेला ठेवून तिनं ट्रान्समीटर बंद केला. चाकं थांबली. पुन्हा चालू, दिवा लगेच लागला. पुन्हा बंद. पुन्हा थांबली. भामाबाई चूल फुंकायची थांबून बघत होती.

"आता न्हाई पळत व्हय?" तिनं विचारलंच.

"न्हाई पळत."

"मग आदीच का न्हाई ह्यो लावला?"

नूतननं विटेवरची गाडी खाली घेतली. काळा गालाला लावलेला तिचा फोटो आरतीच्या मोबाईलवरून एव्हाना सगळ्या वर्गानं पाहिला होता.

हैबतींनी काळतोंडीच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, "सकाळी खाटकाचा टेम्पो येतोय नाक्यावर. हिला दिऊन टाकू. उगं हाल कशाला करायचं? नूते, तू लवकर उठून पयल्या एसटीनं जा शर्यतीला. हितं थांबू नगंस."

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते तिला वाचवायला म्हणत होते. काळतोंडीनं मान उचलली, इकडं तिकडं पाहिलं आणि परत खाली ठेवली. गोठ्यात बाकीची मेंढरं एकमेकींना ढुसण्या देत होती. पुढं कोण उभं राहणार, ते अजून त्यांचं ठरत नव्हतं.

नूतन उठली. तिनं काळा ट्रान्समीटर त्याच्या खोक्यात घातला, झाकण लावलं. मग दोघांच्या समोर येऊन उभी राहिली.

"आबा, आये, म्या ठरवलंय. करडा घेणार. काळा परत करणार, आन् का परत केला त्ये अण्णांना सांगणार, समद्यांच्या म्होरं."

"घे की. आमाला त्यातलं काय कळतंय?" भामाबाई म्हणाली.

"आन् पयल्या एसटीनं मी जाणार न्हाई."

"मग शर्यत?" हैबतींनी वर पाहिलं.

"करणार की. पयली फेरी चुकंल, चुकू द्या. दुसरीला पोचते." तिनं आबांच्या सोललेल्या हाताकडं पाहिलं. "काळतोंडीला आदी नाक्यावर न्यायचं. तुमी एकट्यानं उचलायचं न्हाई, हात बगा तुमचा. घोंगडीत घालून न्यायची. म्होरचं टोक माजं."