नखाखालचे मोती

त्या सकाळी आमच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत मुंगी शिरायला जागा नाही, आणि जमलेल्यांची तोंडं माशी जाईल इतकी उघडी. मधोमध मोतीबाबा. तान्ह्या पोरांच्या हिरडीतून विषाचे मोती काढतो म्हणे!

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं हो," शेजारीण सांगत होती. "सुई टोचली, अंगठ्याने दाबलं, की टपकन मोती बाहेर!"

आमच्या नातीच्या हिरडीवर पांढरे दाणे दिसले होते. सून रडून अर्धी झालेली.

"हे दात नव्हेत, काळ आहे काळ!" बाबा गरजला. "आईला गिळायला आलाय!"

"आई, करू द्या ना त्यांना," सून माझा हात धरून म्हणाली.

मी बाबाचा हात बघत होते. अंगठ्याचं नख लांबलचक, कडेला मळ, वर तंबाखूचा पिवळा थर. शी! हा अंगठा किती लेकरांच्या तोंडात गेला असेल! माझ्या धाकट्या दिराच्या तोंडात तर गेलाच होता. चार दिवसांपूर्वी त्याच्या हिरडीवरची गाठ याने त्याच सुईने फोडली. आता दीर लिंबाएवढा सुजलेला गाल घेऊन कोपऱ्यात बसलेला, तोंडाला वास असा की शेजारी बसवेना. वर मला म्हणतो, "वहिनी, विष बाहेर पडतंय."

"विष नाही भावोजी, पू पडतोय."

मग मी बाबाकडे वळले. "या घरात बाळाला हात लावायचा तर आधी गरम पाणी, साबण आणि नखांना ब्रश. आमच्या यांनासुद्धा सूट नव्हती."

"मंतरलेल्या हाताला पाणी चालत नाही!"

"का? मंत्र विरघळतो?"

लोक हसले. मी गरम पाण्याचं घमेलं, साबण आणि ब्रश त्याच्यापुढे सरकवला. बाबाने नाइलाजाने चार बोटं घमेल्यात बुडवली, अंगठा मात्र मुठीत.

"अंगठा काय माहेरी गेलाय?" म्हणत मी मनगट धरलं आणि नखाखाली ब्रश खसाखसा घासला. मळाबरोबर पांढऱ्या गोळ्या सुटल्या आणि पाण्यावर तरंगायला लागल्या. एक चिमटीत दाबली, तर चपटी झाली. मेण!

"ते... ते विष मी आधीच ओढून घेतलं होतं!"

"मेल्या, बाळ अजून पाळण्यात आहे!"

सुनेने पोरीला पाळण्यातून उचलून छातीशी घट्ट धरलं. बाबा चपला न घालताच पळाला.

नातीला आणि दिराला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "तान्ह्या बाळांना असे दाणे येतातच. हिरडी तयार होताना राहिलेल्या पेशींच्या बारीक गाठी असतात. दुखत नाहीत, काही आठवड्यांत आपोआप जातात. टोचायचं, चोळायचं काही नाही." म्हणजे जे आपसूक जायचं, त्याचंच श्रेय तो मेला खात होता!

मोठ्या माणसाच्या गाठीचं तसं नसतं. दिराचा एक्स-रे काढला, तर मेलेल्या दाताच्या मुळाशी पाण्याची पिशवी धरलेली, आणि तिने जबड्याचं हाड पोखरलेलं. त्यात सुईची घाण गेली. दात गेला, गाठ कापून काढावी लागली.

नात आता बोळकं पसरून हसते. हिरड्या गुलाबी, स्वच्छ. दीर मात्र अजून एकाच बाजूने चावतो.

बायांनो, हिरडीवर काही दिसलं तर डॉक्टरला दाखवा. आणि चमत्कार बघायची फारच हौस असेल तर बघा, पण आधी त्या बाबाला हात धुवायला लावा.