वाळत घातलेली गल्ली

"वन्सं, काठी धरता का जरा? की तिथूनच घाबरणार आहात?"

वहिनी आमच्या गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून उभी होती. हातात आकडा लावलेली लांब काठी आणि आकड्याला एक पांढरा शर्ट. तो तिला शेजारच्या गॅलरीतल्या तारेवर अडकवायचा होता. शेजारचं घर तिकीटकाकांचं. भूकंपानंतर ते आमच्या घरावर रेललं होतं, बसमध्ये डुलकी लागलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलतो तसं.

"वाकू नकोस जास्त," मी दारातूनच म्हणाले. "कठडा हलतोय."

"कठडा नाही, तुमचे पाय हलतायत."

खोटं नव्हतं ते. भूकंप झाल्यापासून माझे पाय माझे राहिलेच नव्हते. रस्त्यावरून ट्रक गेला तरी काळजाचं पाणी व्हायचं. माझे सगळे कपडे एका पिशवीत भरून मी दाराशी ठेवले होते. अंगावरचे उतरवायचे, धुवायचे, बाथरूममधल्या खिळ्यावर वाळवायचे आणि लगेच पिशवीत कोंबायचे. गॅलरीत टाकायचे नाहीत, कारण पळायची वेळ आली तर गोळा कोण करत बसणार? वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही घरात राहत नाही, घराच्या स्टॉपवर उभ्या आहात."

मी बिनलग्नाची, त्यामुळे कायमची माहेरची. दादा गेला तेव्हा मला वाटलं होतं, आता ही मला बाहेरचा रस्ता दाखवणार. तिने दाखवला नाही. गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकलं, कोळशाची इस्त्री आणली आणि मला म्हणाली, "घड्या तरी घालता येतात ना?" तेव्हापासून ती इस्त्री करते, मी घड्या घालते. भांडतो अधूनमधून. त्याशिवाय दिवस सरत नाही.

तर हे शर्ट वाळत घालण्याचं प्रकरण.

भूकंपानंतर गल्लीतली बरीच माणसं नातेवाइकांकडे निघून गेली. जाताना किल्ल्या वहिनीकडे देऊन गेली. मग नगरपालिकेने फतवा काढला. ज्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरांत माणसं परतली, ती गल्ली दुरुस्त होणार. बाकीच्या गल्ल्या सपाट करून तिथल्या लोकांना शहराबाहेर, माळावरच्या उंच इमारतींत खोल्या देणार. कोण परतलं, कोण नाही, हे बघायला विद्यापीठातून अभ्यास करणारी माणसं आली. आमच्या वाट्याला एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, पायांत धुळीने माखलेले बूट. ती कुणाचं दार वाजवायची नाही. चार-पाच दिवसांनी यायची आणि नुसती बघत जायची. आम्ही तिला मोजणीताई म्हणायचो.

एकदा वहिनीने तिला चहा पाजला आणि विचारलं, "नुसतं बघून कसं गं कळतं तुला?"

"कळतं, मावशी. पडदा लावलेला असतो, कुंडीला पाणी असतं. आणि सगळ्यांत आधी दिसतात वाळत घातलेले कपडे. माणूस घरी आला की दुसऱ्या दिवशी दोरीवर कपडे येतात."

झालं. वहिनीला तेवढं पुरलं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी घरात होतीच. पलीकडच्या रस्त्यावरच्या साहेबांची पँट सुताराच्या ओट्यावर लटकली, कुणा मास्तरीणबाईंचा दुपट्टा नर्सबाईंच्या खिडकीत आला. दुपारपर्यंत तिथे लोंबायचे, संध्याकाळी ज्याचे त्याच्या घरी पोचायचे.

"पकडलं तर?" मी रोज विचारायची.

"माळावर पाचव्या मजल्यावर टेबल कुठे टाकू, ते सांगा आधी. माझं गिऱ्हाईक या रस्त्याने कामावर जातं. तिथं कपडे घेऊन कोण येणार, कावळे?"

तिला गल्ली सुटण्याची भीती आणि मला गल्लीत राहण्याची. एका घरात दोन तऱ्हांची भीती, आणि मधे ती रेललेली भिंत. पडल्या पडल्या मला ती कुरकुरताना ऐकू यायची. मी वहिनीला उठवायची. ती म्हणायची, "उंदीर असेल," आणि कूस बदलायची. पण झोपायची नाही, हे मला श्वासावरून कळायचं.

त्या दिवशी पांढरा शर्ट तारेवर लागला आणि आम्ही खाली टेबलाशी आलो. मी घड्या घालत होते. मान वर केली तर समोर मोजणीताई. तिची यायची वेळ नव्हती ती. चोराच्या मनात चांदणं, माझ्या हातातला टॉवेल खाली पडला.

"मावशी, एक विचारू?" ती वहिनीला म्हणाली. "या गल्लीत कपडे ओले असे कधीच दिसत नाहीत."

"ऊन कडक आहे," वहिनीने इस्त्रीवरची नजर हलवली नाही.

"आणि वाळत घातलेल्या शर्टाच्या बाहीला कडक घडी असते का?"

आता मी गल्लीकडे पाहिलं. इतके दिवस रोज बघत होते, पण नीट पाहिलं ते तेव्हाच. ओट्याओट्यावर, खिडक्याखिडक्यांत शर्ट, पँटी, दुपट्टे ओळीने लागलेले. कॉलर ताठ, वरचं बटण लावलेलं, पँटींच्या घड्या सुरीसारख्या. वहिनीच्या हातून चुरगळलेला कपडा बाहेर जातच नाही. लबाडी करायला निघाली, तीही इस्त्री करून.

दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. त्या वेळी माझी पाचावर धारण बसली होती. आता ही मुलगी जाऊन सांगणार, नगरपालिकेची माणसं येणार, वहिनीला नेणार, असं काहीबाही डोळ्यांपुढे यायला लागलं.

मोजणीताईने आरडाओरडा केला नाही. टेबलाला टेकून उभी राहिली. "मला खरं सांगा. कोण येणार आहे, कोण नाही. येणारा माणूस फोनवर मला 'येतो' म्हणाला, तरी मी त्याचं घर धरू शकते. पण नसलेला माणूस मी धरू शकत नाही."

वहिनीने इस्त्री उभी केली आणि एकेक घर बोटाने दाखवलं. सुताराची बायको बाळंतीण आहे, बाळ धरून सगळे येणार. नर्सबाई दवाखान्यातच राहते, पण सामान इथे आहे, येणार. कोपऱ्यावरचा रंगारी नाही येणार, भावाकडेच राहिलाय. मोजणीताई तिथेच उभी राहून फोन लावत गेली. लोक 'येतो' म्हणत होते. सुतार तर म्हणाला, "आमची खिडकी पुसून ठेवा." माझ्या जिवात जीव यायला लागला.

"आणि ते?" तिने रेललेल्या घराकडे बोट केलं. "पांढऱ्या शर्टांचं?"

वहिनीने इस्त्री पुन्हा हातात घेतली.

"मावशी, ते घर कधीच उतरवायला हवं होतं. इंजिनिअर म्हणतात, पुढच्या धक्क्याला ते तुमच्या घरावर येईल. पण माझ्याकडे ते राहतं घर म्हणून लागलंय. माणूस राहत असेल तर त्यांना हात लावता येत नाही."

म्हणजे ज्या भिंतीच्या धाकाने माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता, ती आमच्याच काठीने तिथे धरून ठेवली होती.

"ते घर वजा केलं तर?" वहिनीने विचारलं.

"मग बरोबर निम्मी होतात. आणि निम्म्याहून जास्त हवीत."

इकडे आड, तिकडे विहीर. मला ओरडून सांगायचं होतं, अगं वजा कर, मला जगायचंय. पण टेबल तिचं होतं आणि इतकी वर्षं मी त्या टेबलाच्या जिवावर जेवले होते. मी टॉवेल उचलला आणि त्याची उगाच पुन्हा घडी घातली.

"तिथं कुणी नाही," वहिनी म्हणाली. "तिकीटकाका गेले. भूकंप झाला त्याच सकाळी. जिन्यात."

हे तिने आजवर तोंडातून काढलं नव्हतं. तिकीटकाका म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. जन्मभर गणवेश घातला, म्हणून नंतर फक्त पांढरे शर्ट घालायचे आणि बाहीची घडी मोडलेली त्यांना खपायची नाही. गल्लीत कुठेही चार माणसं जमली की मागून आवाज यायचा, "पुढे सरका, जागा आहे." त्या सकाळी ते तीन शर्ट टेबलावर टाकून गेले. "संध्याकाळी नेतो," म्हणाले. दुपारच्या आत सगळं झालं. लेकीने त्यांना दवाखान्यातूनच परस्पर नेलं, गल्लीला शेवटचं बघायलाही मिळालं नाही. शर्ट मात्र आमच्याकडे राहिले.

मोजणीताईने फोनवर काहीतरी टिपलं. "सकाळी मशीन येईल. तेवढा वेळ तुम्ही समोरच्या ओट्यावर थांबा."

"आणि गल्लीचं?"

"नगरपालिकेच्या सभेत ठरेल. मी लिहीन, एका घराने कमी आहे म्हणून. जीव वाचवायला ते घर तुम्हीच सांगितलंत, हेही लिहीन." ती जायला वळली आणि थांबली. "पण सभेत कोण काय वाचतं, ते माझ्या हातात नाही."

ती गेल्यावर वहिनी वर गेली आणि काठीने शर्ट काढायला लागली. दोन आले. तिसरा वाऱ्याने सरकून तारेच्या पार पलीकडच्या टोकाला गेला होता. काठी पोचेना. तिने काठी ठेवली आणि किल्ल्यांच्या जुडग्यातून तिकीटकाकांची किल्ली काढली; एक किल्ली ते कायम तिच्याकडे ठेवायचे.

"कुठे निघालीस?"

"गिऱ्हाइकाचा कपडा आहे. ढिगाऱ्यात नाही जाऊ द्यायचा."

"वेड लागलंय का तुला? शर्टासाठी?"

"ते माझ्या भरवशावर टाकून गेलेत, वन्सं."

तिचा आवाज कापत होता. लग्न होऊन आल्यापासून मी तिचा आवाज कापताना ऐकला नव्हता. मग मला काय झालं कोण जाणे, मी तिच्या हातातून किल्ली ओढली. "तू जड आहेस. जिना तुझ्याने बसेल. मी काडी आहे."

जिन्यात अंधार नव्हता, पण कोपऱ्यांतून उजेड येत होता, जिथून यायला नको तिथून. पायरीवर पाय ठेवला की भिंतीतून वाळू सुटायची. बाहेरून वहिनी माझ्याशी सतत काहीतरी बोलत होती, मला एक शब्द कळत नव्हता. मधल्या पायरीवर मी थांबले. ते इथेच सापडले होते. मागे फिरावंसं वाटलं, तर मागे वळायला पाय तयार नाहीत आणि पुढेही नाहीत. मग मीच पुटपुटले, "पुढे सरका, जागा आहे." आणि सरकले.

शर्ट काढला, छातीशी धरला आणि खाली कशी आले ते मला आजही सांगता येणार नाही. वहिनीने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. पाणी अर्धं अंगावर सांडलं. ती ओरडली नाही. शर्टावर माझ्या घामाचे हात उमटले होते. तिने तो पुन्हा धुतला, सुकवला, बाहीला घडी पाडली आणि इतर दोन शर्टांवर ठेवला. मग तिन्ही शर्ट कागदात बांधून फळीवर वर ठेवले, जिथे तयार कपडे ठेवतो तिथे.

सकाळी मशीन आलं. आम्ही समोरच्या ओट्यावर उभ्या होतो. घर फार वेळ घेत नाही जायला. धूळ बसली तेव्हा आमच्या भिंतीच्या बाजूला नुसतं आभाळ होतं, आणि भिंत सरळ उभी होती. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "धूळ गेली."

मी घरात गेले आणि दाराशी ठेवलेली पिशवी उचलली. त्यात होतं नव्हतं ते सगळं बादलीत भिजवलं, घासलं, आणि न पिळताच गॅलरीत तारेवर एका रांगेत टाकलं. चुरगळलेलं, जुनं, एक तर पाठीवर फाटलेलं. खाली रस्त्यावर टपटप पाणी गळायला लागलं.

वहिनी टेबलापाशी उभी राहून वर बघत होती. "वन्सं, भीती गेली वाटतं?"

"कुठली जाते," मी म्हणाले. "पण आता पळायचं म्हटलं तरी ओले कपडे घेऊन कुठे पळणार?"

तिने इस्त्रीत कोळसे घातले.