सोप्यातल्या भिंतीवरचा कमठा

मित्रांनो, मी एक जुना कमठा आहे. कमठा म्हणजे धनुष्य. कोल्हापूरच्या बाजूची जुनी माणसे मला याच नावाने ओळखतात. फुलेवाडीच्या पुढे उसाच्या रानाला लागून एक घर आहे. त्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वर दोन खिळ्यांवर मी टांगलेला असतो. स्वतःला जुना म्हणवतो खरा, पण चौथीतल्या मुलापेक्षा माझे वय कमीच असेल. मी इतक्या लवकर जुना कसा झालो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझे लाकूड धामणीचे. धामण म्हटले की तुम्हाला साप आठवेल, पण या नावाचे झाडही असते. त्याचे लाकूड चिवट असते. वाकते आणि सोडले की पुन्हा सरळ होते. गडहिंग्लजकडे एका बांधावर ते झाड होते. वादळात त्याची एक जाड फांदी मोडून पडली. तो बांध वर्षाराणीच्या माहेरचा होता. ती चार दिवस माहेरी आली होती. जाताना सगळ्यांनी तिला तांदूळ दिले, पापड दिले, आणि तिने मागितली ती मोडकी फांदी. एसटीत कंडक्टरने डोक्याला हात लावला. "ताई, ह्या ओंडक्याचं हाफ काढू का फुल?" गाडीतले सगळे हसले. तीही हसली. त्या हसण्यात काटा नव्हता, म्हणून मला ते अजून आठवते.

वर्षाराणी या घरची सून. घरात गोठा, म्हशी, ऊस आणि पावण्यांची ये-जा. सकाळपासून तिला उसंत नसे. दुपारी भांडी झाली की ती गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाई. तिथे बंद पडलेली मोटर, फुटके पाइप आणि उंदरांनी कुरतडलेली पोती होती. त्यातच तिने एक कोपरा झाडून घेतला होता. कमठे करायचा छंद तिला कसा लागला, ते तिलाही सांगता येत नसे. मोबाइलवर कोणीतरी लाकूड तासताना तिने पाहिले, आणि आपल्यालाही जमेल असे तिला वाटले, एवढेच.

जमले मात्र लगेच नाही. माझ्याआधी तिने केलेले कमठे वाकवतानाच मोडले. एक तर तिच्या गालाला लागला. मोडलेले सगळे आंघोळीच्या पाण्यासाठी बंबात गेले. मी शेडमध्ये पडल्या पडल्या त्यांचा धूर पाहिला आहे.

मित्रांनो, लाकडाचा कमठा होतो तो वेदनेतूनच. आधी फांदी चिरली. मग मला सावलीत वाळत ठेवले. मग वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासले, कानशीने घासले, शेवटी फुटक्या काचेने खरवडले. कमठ्याला पाठ असते आणि पोट असते. निशाणाकडे असते ती पाठ. तिला धक्का लावायचा नसतो, तिथला एक धागा तुटला तरी कमठा मोडतो. पोटाकडून मात्र लाकूड काढत जायचे. थोडे काढायचे, दोरी लावून हळूच वाकवायचे, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का पाहायचे, आणि पुन्हा थोडे काढायचे. वर्षाराणी डोळे बारीक करून तासन्‌तास असे पाहत बसे. माझी दोरी इचलकरंजीच्या मागावरच्या सुताची. तिच्या मावसभावाने ते सूत आणून दिले, तिने पीळ घालून त्याला मेण चोळले.

पहिला बाण तिने घरामागच्या पडीक तुकड्यात मारला. पलीकडच्या बांधाला टेकवून तिने पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचा, भारा बांधून ठेवला होता. बाण सुटला तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी कशासाठी आहे. तो भाऱ्यात असा घुसला की नुसती पिसे बाहेर राहिली. तिची मुलगी अनुजा उड्या मारत ओरडली, "आई, परत! परत मार की!"

खेळून झाले की वर्षाराणी आधी माझी दोरी उतरवायची. तिने अनुजाला सांगितले होते ते तुम्हीही ऐका. तुम्ही प्लॅस्टिकची फूटपट्टी वाकवली असेल. क्षणभर वाकवून सोडली तर ती सरळ होते. पण वाकवून दोन पुस्तकांत दाबून ठेवली आणि महिन्याने काढली तर वाकडीच राहते. लाकडाचेही तसेच. दोरी चढवलेला कमठा म्हणजे सतत वाकलेला कमठा. दोरी उतरवली की मी सरळ होई, एखाद्या काठीसारखा दिसे, आणि मला बरे वाटे.

एके दिवशी तिचा नवरा अमरसिंह याने माझा फोटो काढला आणि मोबाइलवर स्टेटसला ठेवला. खाली काहीच लिहिले नाही. लोकांनी त्यालाच विचारले, "काय अमरसिंह, लई भारी केलायसा की! कुठं शिकला?" अमरसिंह माणूस वाईट नव्हता. त्याने फक्त नाही म्हटले नाही. "करतोय आपलं, वेळ मिळंल तसं," म्हणाला. चार दिवसांत गावभर झाले की अमरसिंह कमठे करतो.

हे त्याच्या वडिलांच्या, अण्णांच्या, कानावर गेले. अण्णा म्हणजे मोठा आवाज आणि मोठी मिशी. तोवर ते मला जळण म्हणत. आता त्यांनी स्वतः खिळे ठोकले, माझी दोरी चढवली आणि मला सोप्यात टांगले.

वर्षाराणी म्हणाली, "अण्णा, भिंतीवर ठेवायचा तर दोरी उतरवून ठेवा. असा ताणून ठेवला तर त्याचा जोर जाईल."

"दोरी काढल्यावर त्यो कमठा ऱ्हातोय व्हय? काठीच की मग ती! पावण्यांनी येऊन काय काठी बघायची?"

"पावणे आले की चढवू."

"तू चहाचं बघ. ह्येचं मी बघतो."

झाले. मी ताणलेलाच राहिलो. पहिले काही दिवस माझ्या पोटातला प्रत्येक धागा दुखत होता. पावणे येत, मान वर करून माझ्याकडे पाहत, अण्णा म्हणत, "आमच्या अमरनं केलाय." वर्षाराणी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असे. कप देई आणि आत जाई.

अण्णा बाहेर गेले की ती स्टुलावर चढून माझी दोरी उतरवायची. त्यांची मोटरसायकल वाजली की पुन्हा चढवायची. तेवढीच माझी विश्रांती. पण एकदा अण्णा पावण्यांना घेऊन अचानक आले आणि भिंतीवर काठी दिसली. पावण्यांसमोरच ते कडाडले. "कुणी उतरिवलं ह्ये? माझ्या घरात माझी वस्तू मला न विचारता कोण हलवतंय?" वर्षाराणी मान खाली घालून उभी राहिली. अमरसिंह मोबाइल बघत राहिला. अण्णांनी पक्कड आणली, दोरी चढवली आणि दोन्ही टोकांना तांब्याची तार आवळून टाकली.

त्यानंतर माझे दुखणे थांबले. मित्रांनो, दुखणे थांबले म्हणजे बरे झाले असे समजू नका. मी वाकायला विरोध करणे सोडले होते, म्हणून दुखत नव्हते.

यंदा दसरा जवळ आला आणि अण्णांनी चारचाकी घ्यायचे ठरवले. ती ठेवायला जागा हवी. "गोठ्यामागची शेड पाडायची," त्यांनी जेवताना जाहीर केले. वर्षाराणी थापत असलेली भाकरी परातीतच राहिली. त्या शेडमध्ये तिचा नवा कमठा होत आला होता. घरात तिचे म्हणावे असे तेवढे एकच ठिकाण होते. "अण्णा, पुढच्या अंगणात गाडी मावंल की," ती म्हणाली. अण्णांनी ऐकलेच नाही. तिने अमरसिंहाकडे पाहिले. त्याने आमटी वाढून घेतली.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, आणि त्यांच्या शेजारी पाटावर मी. झेंडूची माळ घातली, कुंकू लावले. जयसिंगपूरहून अण्णांचे व्याही, म्हणजे त्यांच्या लेकीचे सासरे, विजयसिंह आले होते, आणखी दहा-बारा पावणे होते. विजयसिंहांनी मला उचलून पाहिले.

"अण्णा, ह्यो चालतोय का नुसता शोभंचा?"

"चालतोय म्हंजे? आमच्या अमरनं केलाय त्यो!"

"मग मारू द्या की अमरला एक बाण. आम्ही बी बघतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमरसिंहाचा चेहरा उतरला. त्याने कधी बाण हातातही धरला नव्हता. "खांदा दुखतोय जरा," तो पुटपुटला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून वर्षाराणी म्हणाली, "मी मारते."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तीच पुढे म्हणाली, "बाण घरामागच्या पाचटाच्या भाऱ्यात बसला तर शेड राहू द्या, अण्णा. एवढंच मागते."

सगळ्यांसमोर मागितल्यावर अण्णांना नाही म्हणता येईना. ते मोठ्याने हसले. "बरं. बसला तर शेड तुझी. न्हाय बसला तर दसरा झाला की जेसीबी. ऐकलं का रं समद्यांनी?"

"थांबा, शेडमधला नवा कमठा आणते. ह्यो आता थकलाय."

"नवा-बिवा काय न्हाय. ह्योच! घराण्याचं नाव ह्येच्यावर हाय."

तिने मला हातात घेतले. तिच्या अंगठ्याने माझे पोट चाचपले. तिला सगळे कळले, हे मला कळले. तरी तिने मला उन्हात धरले, थोडेथोडे वाकवत जागे करायचा प्रयत्न केला. मी सांगू इच्छित होतो की आज मारू नकोस. पण लाकडाला तोंड नसते, आणि तिला दुसरी वाट नव्हती.

ती पडीक तुकड्यात उभी राहिली. अनुजा आजोबांच्या शेजारी होती. वर्षाराणीने दोरी ओढली. पूर्वी तिला ओढताना दात आवळावे लागत, आता मी मऊ वेतासारखा आलो. होता नव्हता तेवढा जोर मी लावला. मित्रांनो, खरोखर लावला. बाण डुलत डुलत गेला आणि निम्म्या वाटेत चिखलात कलंडला.

आधी विजयसिंह हसले. "अण्णा, ह्यो बाण चालत गेला असता तर लवकर पोचला असता!" मग सगळे हसले. पोट धरून हसले. आणि सगळे हसतात म्हणून अनुजाही हसली.

हसणे थांबेना तेव्हा अण्णांनी हात वर केला. "आता खरं सांगू का पावणं? ह्यो अमरनं केल्यालाच न्हाय. सुनंनं केलाय!" पुन्हा हशा झाला. अमरसिंह लगेच पुढे सरसावला. "मी बी तेच सांगणार हुतो," तो म्हणाला. "माझं कसलं असलं काम?"

असे इतक्या वर्षांनी माझ्या करणारीचे नाव चारचौघांत घेतले गेले.

दसऱ्यानंतर जेसीबी आला आणि शेड गेली. नवा कमठा बाहेर पडला. त्याला दोरी नव्हती, म्हणून तो कमठा आहे हे कोणी ओळखले नाही. गोठ्यात काम करणाऱ्या धोंडुबाईने तो उचलला. आता ती त्याने म्हशी हाकते. कानशी आणि वाकस भंगारवाल्याने नेले.  दुपारी भांडी झाली की वर्षाराणी आता तिथेच, मोरीजवळ, बसून राहते.

मला वाटले होते, मी निदान बंबात तरी जाईन. तसे झाले नाही. अण्णांनी मला पुसून पुन्हा सोप्यात टांगले, तारेसकट. आता मी आधीपेक्षा जास्त कामाचा आहे. पावणे मान वर करतात आणि अण्णा सगळी गोष्ट सांगतात. दर वेळी बाण थोडा आणखी अलीकडे पडतो.

काल काही माणसे आली होती. अनुजाने त्यांना पाणी दिले. त्यातल्या एकाने माझ्याकडे बोट दाखवले, तर अण्णांनी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "ह्यो आमच्या आईनं केलाय. बाण उंबऱ्याच्या भाईर बी जात न्हाय!" सगळे खदखदून हसले. अण्णांनी नातीच्या पाठीवर थाप मारली. आत भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

सगळे गेल्यावर वर्षाराणी फडके घेऊन सोप्यात आली. स्टुलावर चढली. घरात कोणी नव्हते. तिने माझ्या पाठीवरची धूळ पुसली, पोटावरची पुसली. तिची बोटे टोकाशी तारेवर आली. तारेचा पीळ सैल होता, दोन वेढे उलटे फिरवले असते तर दोरी उतरली असती. मी वाट पाहिली. तिची बोटे तिथे थोडा वेळ राहिली. मग तिने ती काढून घेतली, फडके झटकले आणि शेजारचा फोटो पुसायला घेतला.

मित्रांनो, मी तिच्यावर रागावलेलो नाही. पण तुम्हाला एक मागणे आहे. काम झाले की दोरी उतरवत जा. कमठ्याची, आणि तुमच्यासाठी दिवसभर वाकून राहणाऱ्या माणसाचीही. घरात कोणी एखादी वस्तू मन लावून केली असेल, तर ती कोणी केली हे तिच्यात जोर आहे तोवरच विचारा. आणि सगळे हसत असतील तेव्हा हसण्याआधी एकदा बघा, मधोमध कोण उभे आहे. कदाचित ती तुमची आई असेल.