थ्रॉटलचा दांडा

होडी धक्क्यावर आदळली तेव्हा घरची थोरली सून पुढच्या टोकाला दोर घेऊन उभी होती. माणसं या काठावरून त्या काठावर नेणं हा घरचा धंदा, आणि इंजिनाची ती होडी धाकटा दीर चालवायचा. रोजच्यासारखीच होडी धक्क्याला लागत होती, पण वेग काही कमी होईना. तिचा उजवा हात होडी आणि दगडी धक्का यांच्यामध्ये सापडला. दोन बोटं गेली, आणि त्यांच्याबरोबर तिचं शिवणकामही गेलं.

धाकटा पहिल्यापासून एकच सांगत राहिला. वेग कमी-जास्त करायचा थ्रॉटलचा दांडा त्याने वेळेवर मागे ओढला होता, दांडा मागे आलाही होता, पण इंजिनाने ऐकलं नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. होडी पाण्याच्या मध्यावर असताना तो फोनवर बोलत होता हे उतारूंनी पाहिलं होतं. तिचा नवरा घरातला थोरला, लोकांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याने संध्याकाळी धक्क्यावर उभ्या असलेल्या होडीत बसून दांडा पुढे-मागे करून पाहिला आणि दांड्यात काही दोष नाही असं वडिलांना सांगितलं. सासऱ्यांनी धाकट्याच्या हातून होडीची किल्ली काढून घेतली. तो दवाखान्यात तिच्याकडे आला. वहिनी, निदान तुम्ही तरी ऐका, असं म्हणू लागला, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. महिन्याभरात तो घर सोडून गेला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बर्फाच्या कारखान्यात लागला. होडी थोरला चालवू लागला. ती उतारूंचे पैसे घ्यायला बसू लागली.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी थोरला रिकामी होडी धक्क्याकडे आणत होता. ती मागच्या फळीवर बसून पाणी उपसत होती. त्याने दांडा मागे घेतला. इंजिन तसंच ओरडत राहिलं. त्याने पुन्हा पुढे-मागे केलं, काही उपयोग नाही. शेवटी इंजिन बंद करायची लाल दोरी त्याने हिसडली, तेव्हा होडी धक्क्याला नुसती घासून थांबली. दोघांनाही एकाच वेळी तीच गोष्ट समजली होती.

त्याने दांड्याखालची पेटी उघडली. आत दातेरी चाक होतं, त्याचे दाते झिजून बोथट झाले होते. चाक कधी पकडायचं, कधी निसटायचं. निसटलं की दांडा हाताबरोबर मागे यायचा आणि इंजिनाकडे जाणारी केबल जागची हलायची नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी पेटी आणि नवी केबल आणली. जुनी केबल फळ्यांखालून ओढून काढताना गंजाचा चुरा पडत होता. नवी आत सरकवताना ती दुसऱ्या टोकाला वाकून डाव्या हाताने ओढत होती.

"भाऊजींना सांगायला हवं," ती म्हणाली.

तो नट आवळत राहिला. मग म्हणाला, "त्याचं तिकडे बस्तान बसलंय. जुनं उकरून काय मिळणार? तूही कुणाला सांगू नकोस."

"बाबांना तरी?"

"कुणालाच नाही म्हटलं ना."

जुनी पेटी त्याने दांड्यासकट भंगारात टाकली. तो हात धुवायला गेला तेव्हा तिने ती उचलून पिशवीत घातली.

बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाशी धाकटा गमबूट घालून बाहेर आला. वाळला होता. चहा घेणार का, असं त्याने विचारलं. तिने पिशवी पुढे केली आणि काय घडलं ते सांगितलं. कट्ट्यावर बसून त्याने पेटी मांडीवर घेतली आणि दांडा हलवू लागला. बराच वेळ ठीक चाललं. मग आत काहीतरी कटकन निसटलं आणि दांडा पोकळ मागे आला. तिला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल. तसं काही झालं नाही.

"दादाने पाठवलं?"

खोटं बोलता आलं असतं. तिने मान हलवली. नाही.

त्याने पेटी पिशवीत ठेवली, बंद बांधले. "वहिनी, तुम्ही तोंड फिरवलंत त्याचा मला राग नाही. बोटं तुमची गेली होती. पण दादा गावभरच्या होड्यांची इंजिनं उघडतो. सगळ्यांची उघडतो. आपल्या होडीचे चार स्क्रू त्याला काढवले नाहीत."

तिने पिशवी उचलली. आतून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

त्या संध्याकाळी तिने पेटी सासऱ्यांसमोर ठेवली आणि नवऱ्याच्या देखत सगळं सांगितलं. सासऱ्यांनी झिजलेल्या दात्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "तेव्हाच नीट बोलला असता, तर आपण पाहिलं नसतं का?"

"बोलले होते," ती म्हणाली.

"बोलला नव्हता. ओरडला होता." मग त्यांनी थोरल्याला विचारलं, "नवीन नीट बसलंय ना?"

थोरला हो म्हणाला. त्यावर सासरे उद्याच्या वाऱ्याबद्दल बोलू लागले.

पुढच्या आठवड्यात थोरला न सांगता कारखान्यात जाऊन आला. धाकट्याने पहारेकऱ्याकरवी निरोप दिला की काम चालू आहे, येता येणार नाही. थोरला फाटकाबाहेर थांबला आणि परत आला. घरी त्याने भावाची आज सुट्टी होती असं सांगितलं. तिला खरं पहारेकऱ्याच्या बायकोकडून कळलं. तिने ते नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. पुढे धाकटा मासेमारीच्या मोठ्या जहाजावर लागला आणि दूरच्या बंदरात निघून गेला. जाताना घरी आला नाही.

आता सासरे कधी होडीत बसले की उतारूंना सांगतात, धाकट्याला मोठ्या जहाजाची हौस, इथे त्याचं मन रमेना, पोरं आजकाल अशीच. एकदा ते असंच सांगत होते. ती पैसे गोळा करत होती, ती मध्येच थांबली.

"हौस नव्हती," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आम्ही घालवलं त्यांना."

सासरे पाण्याकडे बघू लागले. थोरल्याने मागे वळून पाहिलं नाही. एका बाईने मांडीवरची पिशवी जवळ ओढली, कुणीतरी खाकरलं. पलीकडचा धक्का आला तसे लोक भराभर उतरून गेले.